कातडीचेही कलम होते!

आंब्याचे कलम कसे बांधावे हे सांगत मी आजवर पुष्कळ गावे पालथी घातली. कोय कलम, भेट कलम, मृदुकाष्ठ कलम यांची प्रात्यक्षिके किती केली याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण माणसाच्या अंगावरही कलम करता येते आणि ते जगण्याचे नियम झाडाच्या कलमासारखेच कडक असतात, हे मला समजले ते एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात. निमित्त झाले आमच्या थोरल्या बंधूंच्या पायाचे. तीच हकीकत आज तुम्हाला सांगणार आहे. तीत माझीही एक चूक आहे. ती झाकून ठेवली तर हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही.

एवढंसं तर लागलंय!

२०१६ सालचा डिसेंबर महिना होता. आमच्या गावी ऊसतोड जोरात सुरू होती. ट्रॉली भरताना तिचा मागचा लोखंडी फाळका निसटला आणि दादांच्या उजव्या नडगीवर घसरत खाली आला. हाड मोडले नाही, पण गुडघ्याच्या खाली चार बोटांवर तळहाताएवढी कातडी सोलून निघाली व एका कडेला लोंबू लागली.

वहिनी म्हणाल्या, "तालुक्याला जाऊन टाके घालून या." दादा म्हणाले, "आरं, एवढंसं तर लागलंय! गाडी कारखान्यावर गेली पाहिजे. नंबर चुकला तर पुन्हा चार दिवस थांबावं लागंल." शेजारच्या गावात हाडे बसवणारा एक माणूस आहे. त्याने ती लोंबती कातडी होती तशी जागेवर दाबली, वर हळद आणि तंबाखूची राख भरली व फडक्याने घट्ट आवळून बांधली. धनुर्वाताचे इंजेक्शनसुद्धा कोणी घेतले नाही.

पाचव्या दिवशी रब्बी ज्वारीच्या कामासाठी मी त्या बाजूला गेलो होतो. घरी डोकावलो. दादा बाजेवर बसून तंबाखू मळत होते. "कसं आहे?" म्हणून विचारले. "बरं हाय," म्हणाले. मीही शहाणपणाने म्हणालो, "हळद जंतुनाशकच असते." चहा घेतला आणि निघालो.

पुढे या गोष्टीचा मी खूप विचार केला. एखाद्या शेतकऱ्याने सांगितले की झाड पिवळे पडले आहे, तर मी मुळाशी उकरून पाहिल्याशिवाय तिथून हलत नाही. पण सख्ख्या भावाच्या पायाची पट्टी सोडून आत काय चालले आहे ते पाहावे, हे मला सुचले नाही.

तिसऱ्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, पायाला वास यायला लागलाय. मी फोन केला म्हणून ह्यांना सांगू नका." दुसऱ्या दिवशी जीप करून दादांना आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले.

पट्टीखाली काय निघाले

पट्टी सोडली तेव्हा ती दाबून बसवलेली कातडी काळी ठिक्कर पडली होती. खाली पू होता. आणि पुवाच्या खाली तीन बोटे रुंदीचे पांढरे हाड उघडे दिसत होते. रक्त तपासले तर साखर २८० च्या वर. दादांना मधुमेह आहे हे तोवर घरात कोणालाही माहीत नव्हते.

तिथल्या प्लास्टिक सर्जन बाईंनी मला बाजूला घेतले. 'प्लास्टिक सर्जरी' म्हटले की आपल्याला नट-नट्यांची नाके आठवतात. पण जखमेवर कातडी व मांस चढवून हात-पाय वाचवणे हे याच डॉक्टरांचे मोठे काम आहे. बाईंनी स्पष्ट सांगितले, "हाड सडत गेले तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. अजून वेळ गेलेली नाही. पण दोन-तीनदा टेबलावर घ्यावे लागेल."

मग त्यांनी विचारले, "तुम्ही काय करता?"

"पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहे, शेतीकडे."

"मग तुम्हाला सांगणे सोपे आहे. कलम बांधता ना? आम्ही तेच करतो. फक्त आमचे झाड हालचाल करते आणि पळून जायला बघते."

त्यांनी मला जे समजावले, आणि नंतर मी विचारून-वाचून जे शिकलो, ते आता क्रमाने सांगतो.

आधी जमीन तयार हवी

दगड-धोंडे, कुंदा आणि हराळी असलेल्या जमिनीत आपण कलम लावत नाही. आधी नांगरतो, धसकटे वेचतो. जखमेचेही तसेच. मेलेली कातडी, सडके मांस व पू यांवर कोणतेही कलम धरत नाही. म्हणून पहिले काम सफाईचे. भूल देऊन सर्जन मेलेला भाग कापून काढतात, तो थेट जिवंत, रक्त येणाऱ्या थरापर्यंत. एकदा सफाई करून भागत नाही. दर दोन-तीन दिवसांनी पाहून पुन्हा करावी लागते. काही ठिकाणी जखमेवर स्पंज ठेवून, वर हवाबंद चिकटपट्टी लावून यंत्राने आतले पाणी सतत ओढून घेतात. त्याने जखम लवकर स्वच्छ होते.

स्वच्छ झालेल्या जखमेत काही दिवसांनी डाळिंबाच्या दाण्यांसारखे लालभडक मांसांकुर उगवतात. वास जातो, पू थांबतो. हा जमीन वाफशावर आल्याचा इशारा. दादांच्या जखमेला या स्थितीला यायला बारा दिवस लागले. तेवढ्या काळात इन्शुलिनने साखर ताब्यात आणली व बाईंनी तंबाखू बंद करायला लावली. तंबाखू, विडी व मिश्री यांतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पाटाला पाणी असून दारे बंद ठेवले तर वाफा वाळणारच.

कलम जगते कसे?

कातडीचे कलम म्हणजे काय? मांडीवरून कातडीचा फक्त वरचा पापुद्रा काढतात. जाडी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढी, म्हणजे सुमारे पोस्टकार्डाइतकी. त्यासाठी हंबी नावाची लांब पात्याची खास सुरी असते, किंवा विजेवर चालणारे डर्माटोम नावाचे यंत्र असते. कातडीचा खालचा थर व केसांची मुळे मांडीतच राहतात. त्यांतून नवी कातडी उगवते आणि मांडीची जागा सुमारे दोन आठवड्यांत आपोआप भरून येते. गंमत अशी की रोग्याला मूळ जखमेपेक्षा या मांडीचेच जास्त दुखते, कारण तिथे संवेदनेच्या नसा उघड्या पडतात.

हा पापुद्रा तयार जखमेवर पसरतात. त्याला स्वतःचे रक्त नसते. पहिले दोन दिवस तो खालच्या ओलीवर जगतो. जखमेतून पाझरणारा रस शोषून घेतो. नंतर जखमेतील रक्तवाहिन्यांची टोके पापुद्र्यातील वाहिन्यांच्या टोकांना मिळू लागतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रक्त खेळू लागते आणि फिकट पापुद्रा गुलाबी होतो. आपण म्हणतो 'कलम धरले', ते हेच.

आता जे कलमाला मारते तेच यालाही मारते. फांदी आणि खुंट यांच्यामध्ये फट राहिली तर कलम वाळते. इथे पापुद्र्याखाली रक्त किंवा पाणी साचले तर तो तरंगतो आणि मरतो. म्हणून पुष्कळदा पापुद्र्याला चाळणीसारख्या बारीक चिरा पाडतात. चर काढून रानातले पाणी बाहेर काढावे तसे साचणारे पाणी त्यांतून निघून जाते. शिवाय चिरा पाडलेली कातडी ताणून दीडपट-तिप्पट जागेवर पुरवता येते. दुसरा शत्रू पू. आणि तिसरा शत्रू हालचाल. बांधलेले कलम कोणी रोज हलवून पाहिले तर ते जगेल का?

कातळावर रोप लागत नाही

दादांची अडचण मात्र वेगळी होती. त्यांचे हाड उघडे पडले होते. हाडावर एक पातळ आवरण असते आणि त्यात रक्तवाहिन्या असतात. ते आवरण जिवंत असेल तर त्यावर कातडी धरते. ते वाळून गेले की हाड म्हणजे निव्वळ कातळ. वर ठेवलेला पापुद्रा ओल मिळत नाही म्हणून मरतो.

इथे बाईंनी मला जे सांगितले ते आजही टोचते. "पहिल्याच दिवशी आणले असते तर हे आवरण ओले होते. ती लोंबती कातडीही आम्ही धुऊन, पातळ करून परत लावण्याचा प्रयत्न केला असता. घट्ट आवळून बांधल्याने तिचे रक्त बंद झाले. खाली पू झाला आणि आवरण मेले." माझा पाचव्या दिवशीचा चहा मला आठवला.

कातळावर रोप लावायचे तर आधी माती आणून टाकावी लागते, आणि त्या मातीला पाणीही हवे. त्यासाठी करतात ती 'फ्लॅप' नावाची शस्त्रक्रिया. यात मांसाचा किंवा कातडीचा जाड तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट उचलून उघड्या हाडावर फिरवून आणतात. त्याचे पाणी त्याच्याबरोबर येते. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात, एक वरचा आणि एक त्याच्याखालचा. वरचा स्नायू आत व बाहेर अशा दोन भागांचा असतो. त्यातला एक भाग खालच्या टोकाला सोडवून पुढे वळवला, तर तो नडगीच्या वरच्या भागावर व्यवस्थित पोचतो. राहिलेल्या स्नायूंच्या जोरावर माणूस चांगला चालू शकतो. नडगीच्या मधल्या भागासाठी पोटरीचा खालचा स्नायू वापरतात. घोट्याजवळ मात्र पुरेसे मांस नसते. तिथे इतर युक्त्या करतात किंवा पाठीचा वा मांडीचा तुकडा पूर्ण सुटा करून, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडून बसवतात. हे काम कित्येक तासांचे असते व मोठ्या रुग्णालयातच होते.

दादांच्या पोटरीचा स्नायू वळवून हाड झाकले आणि त्या लाल स्नायूवर मांडीची कातडी पसरली. खाली माती, वर रोप. ऑपरेशन तीन तास चालले.

भेट कलम आणि पुण्याचे नाक

भेट कलमात आपण काय करतो? फांदी मातृवृक्षापासून तोडत नाही. ती झाडावर असतानाच रोपाला बांधतो आणि सांधा एकजीव झाल्यावर मग तोडतो. तोवर फांदीला आईचे दूध मिळत राहते. फ्लॅपची जुनी पद्धत हुबेहूब अशीच. एका पायाच्या पोटरीची कातडी एका कडेने जोडलेली ठेवून दुसऱ्या पायाच्या जखमेवर शिवायची, दोन्ही पाय तीन आठवडे एकमेकांना बांधून ठेवायचे आणि मग देठ कापायचा. ही पद्धत अडीअडचणीला आजही वापरतात.

ही विद्या परदेशातून आपल्याकडे आली असे समजू नका. सुश्रुत संहितेत नाकाच्या मापाचे झाडाचे पान घेऊन, तेवढी गालाची कातडी जोडती ठेवून वळवण्याचे वर्णन आहे. आणि याचा जगभर गाजलेला दाखला तर पुण्याजवळचा, तोही एका शेतकऱ्याचा!

कावसजी नावाचा एक मराठा कुणबी इंग्रज फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. तिथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. आधी मेणाचा पातळ पत्रा करून नाकाचे माप घेतले. ते कपाळावर उलटे ठेवून तेवढी कातडी सोलली, आणि दोन डोळ्यांच्या मध्ये देठ तसाच ठेवून ती खाली वळवून बसवली. सांधा धरण्यासाठी पाण्यात भिजवलेला कात लावला. चार दिवस त्याला हात लावला नाही, नंतर तुपाच्या पट्ट्या ठेवल्या. देठ कापला तो पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिले होते. त्याचे चित्रासह वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकात छापून आले. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली आणि तिथून ती युरोपात पसरली.

सुटे पापुद्रे लावण्याची पद्धत त्यानंतरची. १८६९ मध्ये पॅरिसच्या रुग्णालयात रेव्हर्दिन या तरुण स्विस डॉक्टरने कातडीचे बारीक तुकडे भरत नसलेल्या जखमेवर ठेवून ती भरून आणली.

आंब्यावर आंबाच चालतो

लिंबाच्या खुंटावर आंब्याचे कलम जगत नाही. माणसाचे तर त्याहून कडक आहे. दुसऱ्या माणसाची कातडी, मग ती सख्ख्या आईची असली तरी, कायमची धरत नाही. ती काही दिवस जगते, नंतर शरीर तिला परकी ओळखून झाडून टाकते. अपवाद फक्त एकाच बीजाच्या, हुबेहूब जुळ्या भावंडांचा. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रोग्यांवर काम करताना मेडावर व गिब्सन यांनी १९४३ मध्ये हे दाखवून दिले. या विषयावरील कामासाठी मेडावर यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग दुसऱ्याच्या कातडीचा उपयोगच नाही का? आहे, आणि मोठा आहे. फार भाजलेल्या माणसाच्या अंगावर स्वतःची पुरेशी कातडी उरत नाही. अशा वेळी मृत व्यक्तीने दान केलेली कातडी वरून झाकली तर आतले पाणी जाणे थांबते, वेदना कमी होतात, जंतू आत शिरत नाहीत. आच्छादन टाकून ओल राखावी तसे. तेवढ्या अवधीत रोग्याची स्वतःची कातडी तयार होते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये अशा त्वचापेढ्या सुरू झाल्या. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येते. मांड्या, पाय व पाठ येथील वरचा पातळ थर तेवढा काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही आणि अंत्यविधीला काही अडचण येत नाही.

बाळंतपणात वारेबरोबर पडणारा गर्भवेष्टनाचा पातळ पडदासुद्धा जखमेवर झाकण म्हणून वापरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतिपेढी निघाली. तिथे हे पडदे स्वच्छ करून, किरणांनी निर्जंतुक करून ठेवण्याचे काम झाले.

आणखी एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. केसवानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरून दाखवली. मांडीवरून कातडी काढलेल्या जागेवर केळीच्या पानाची पट्टी शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी यशस्वी केली. केळीचे पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी काढताना दुखत नाही, आणि खर्च तर नावालाच. पण एक ध्यानात ठेवा. ही पाने व साली रुग्णालयात खास तयार करून, वाफेवर निर्जंतुक केलेल्या असतात. परसातले पान तोडून घरच्या घरी जखमेवर बांधू नये.

पाच दिवसांचे झोपणे

ऑपरेशन झाल्यावर दादांच्या पायाला मागून प्लास्टरची खोळ बांधली, पाय उशीवर उंच ठेवला आणि सांगितले की पाच दिवस पाय हलवायचा नाही. ज्या माणसाने जन्मात दिवस उजाडल्यावर अंथरूण पाहिले नाही, त्याला हे सांगितले! तिसऱ्या दिवशी पहाटे वहिनींचा डोळा लागला होता. दादा भांडे नको म्हणून खाटेवरून उतरले, भिंत धरून मोरीपर्यंत गेले आणि गुपचूप परत येऊन झोपले.

पाचव्या दिवशी पट्टी सोडली. वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला तर पहिल्यांदा कलम फुटले की नाही हे पाहायला जाणाऱ्या पोरासारखे झाले होते. वरून खालपर्यंत कातडी गुलाबी! फक्त खालच्या कडेला रुपयाएवढी जागा काळी. बाई म्हणाल्या, "कोण उतरले होते खाली?" दादांनी मान खाली घातली. त्या रुपयाएवढ्या जागेने घरी यायला पंधरा दिवस उशीर केला. ती पट्ट्यांवरच भरली.

पुढे तीन महिने रोज खोबरेल लावून हलके चोळणे, चालताना पायाला ताणपट्टी गुंडाळणे, ऊन लागू न देणे हे चालले. कलमाच्या कातडीत घाम व तेल करणाऱ्या ग्रंथी नसतात, म्हणून ती कोरडी पडते आणि खाजते. तिचा रंग वेगळा राहतो, आणि संवेदनाही मंद असते. काटा टोचला किंवा शेक लागला तरी पटकन कळत नाही. दादा आज शेतात जातात. पण पायात बूट असतात आणि रोज रात्री वहिनी बॅटरी लावून पाय पाहतात.

कोणत्या जखमा रेंगाळतात?

शेतकऱ्याच्या घरात अशा जखमा अनेक मार्गांनी येतात. कडबा कुट्टी, मळणी यंत्र व रोटाव्हेटर यांत सापडलेले हात-पाय. मोटारीच्या विजेने किंवा चुलीच्या जाळाने भाजणे. साप चावल्यावर, विशेषतः नाग व घोणस यांच्या दंशानंतर, आजूबाजूची कातडी व मांस कुजते. जीव वाचल्यावर ती जागा झाकायला पुष्कळदा कलमच करावे लागते. मधुमेह व कुष्ठरोग यांत तळपाय बधिर होतो. खडा रुतला तरी कळत नाही आणि भोक पडते. फुगलेल्या नसांमुळे घोट्याच्या आतल्या बाजूस वर्षानुवर्षे वाहणारा व्रण होतो. तिथे मूळ नसांवर इलाज केला नाही, दाबपट्टी बांधली नाही, तर कलम धरूनही व्रण पुन्हा उघडतो. आडातले पाणी खारट असेल तर नुसता पोहरा बदलून काय उपयोग?

आणि वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेच्या कडा जाड, वर आलेल्या दिसू लागल्या, रक्त येऊ लागले, तर उशीर करू नका. अशा जुन्या जखमेत कधीकधी कर्करोग होतो. तुकडा काढून तपासावाच लागतो.

हे लक्षात ठेवा

१. जखम झाली की स्वच्छ वाहत्या पाण्याने भरपूर धुवा. धुतलेले फडके ठेवून दाबा. रक्त थांबण्यापुरता दाब द्या; दोरीने आवळून टाकू नका.

२. हळद, राख, शेण, तंबाखू, डिझेल, चुना यांपैकी काहीही जखमेत भरू नका.

३. लोंबणारी कातडी कापून फेकू नका. ती जागेवर हलकी ठेवून त्याच दिवशी, शक्यतो सहा तासांच्या आत, रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकाला फोन केल्यास रुग्णवाहिका येते.

४. बोट किंवा हात तुटून वेगळा झाला तर तो धुऊन ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुटलेला भाग थेट बर्फाला लागू देऊ नका.

५. साप चावल्यास चिरा देऊ नका, रक्त चोखू नका, दोरी आवळू नका. पाय हलू न देता थेट सर्पविषाची लस असलेल्या रुग्णालयात जा.

६. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. रक्तातील साखर तपासा.

७. भाजलेली जागा तीन आठवड्यांत भरत नसेल तर थांबू नका. उशिराने भरलेली जखम आखडते आणि सांधा वाकडा होतो. वेळेवर कलम केले तर हे टळते.

८. जखमेला वास, काळेपणा किंवा आत पांढरे हाड अथवा शीर दिसली तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय.

खर्चाचे म्हणाल तर वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत व महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयांत भाजणे आणि प्लास्टिक सर्जरीचे अनेक उपचार योजनेत बसतात. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. शेतात अपघात होऊन हात किंवा पाय कायमचा गमावला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या सानुग्रह अनुदान योजनेत आमच्याच खात्यामार्फत एक लाख रुपये मिळतात. अशी प्रकरणे मी हाताळली आहेत. पण पैसे घेऊन गेलेला एकही शेतकरी मला समाधानी दिसला नाही. पायाच्या जागी पैसा उभा राहत नाही.

गेल्या पावसाळ्यात दादांनी बांधावर केशरची दहा रोपे लावली. कलमे मीच बांधून दिली होती. लावून झाल्यावर शेजारच्या पोराने एका रोपाचा सांधा हलवून पाहिला, तसे दादा खेकसले, "हात लावू नको! धरूस्तवर कलम हलवायचं नसतं. मला विचार!" आणि पायजमा वर करून त्यांनी त्याला नडगी दाखवली.

आता मीही कोणाच्या घरी गेलो आणि पायाला पट्टी दिसली, तर चहा नंतर घेतो. आधी पट्टी सोडायला लावतो.